कौसल्येचे लाल तळवे

"हात पुढे!"

केसरीनाथ महाराजांनी आरोळी ठोकली आणि ओट्यासमोर ओळीने उभ्या राहिलेल्या बायकांनी तळवे पुढे केले. भिवंडीहून जाताना अंबाडी नाक्याच्या अलीकडे, हमरस्ता सोडून आत गेलं की लागणाऱ्या त्या गावात सकाळपासून पाय ठेवायला जागा नव्हती. समाजमंदिराच्या पायऱ्या भरल्या, कुंपणाची भिंत भरली, उभ्या टेम्पोच्या टपावरही माणसं चढली. शिफ्ट बुडवून आलेली, कापडाच्या लूमवर काम करणारी पोरं मोबाईल उंच धरून उभी होती. महाराजांच्या अंगावर भगवं रेशीम, गळ्यात कवड्या, दाढीला ताजी मेंदी. पुढ्यात पितळी परात, परातीत पाणी, पाण्यावर झेंडूच्या पाकळ्या.

"या परातीत काय आहे?"

"गंगाजल!" शिष्य ओरडले. त्यांना ओरडायलाच आणलं होतं.

"नुसतं गंगाजल नाही! सात नद्यांचं पाणी, सात स्मशानांच्या वाऱ्यावर बारा वर्षं शिजवलेलं साक्षीजल! जिनं लेकरांचं रक्त शोषलं, तिचा हात यात लाल होणार. जी निर्दोष आहे तिला भीती नाही. माणूस झूठ बोलतो, बच्चा! पानी झूठ नहीं बोलता!"

वाऱ्यावर पाणी कसं शिजतं, हे कोणी विचारलं नाही.

महाराजांनी झोळीतून चिमूट चिमूट पांढरं 'भस्म' काढून प्रत्येकीच्या तळव्यावर ठेवलं, आपल्या अंगठ्याने दाबलं आणि तळवे चोळायला सांगितले. मग एकेक बाई पुढे येऊन परातीत हात बुडवू लागली. पहिलीचा हात जसाच्या तसा. दुसरीचाही. प्रत्येक हात वर आला की गर्दी सुस्कारा सोडायची. ओळीत सगळ्यात शेवटी कौसल्या भोईर उभी होती. तिने हात पाण्यात घातले आणि बोटांच्या फटींतून रंग फुटला. क्षणात तळवे रंगले, पाकळ्यांखालचं पाणी रंगलं. कौसल्या हात झटकत मागे सरली तसे शिंतोडे शेजारणीच्या पातळावर उडाले.

गाव म्हणालं, रक्त. नीट पाहिलं असतं तर दिसलं असतं की तो रंग रक्ताचा नाहीच. गडद गुलाबी, जांभळटाकडे झुकणारा, एखाद्या भडक ओढणीचा असतो तसा. रक्ताचा रंग त्या गावात कोणी पाहिला नव्हता असं नाही. पण त्या वेळी डोळ्यांनी बघणारे थोडे होते आणि कानांनी बघणारे फार.

"भुताळीण!" गर्दीच्या मागून पहिला आवाज आला तो भूपेशचा. मग सगळ्यांचाच.

मी नरेंद्र. भिवंडीतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो. हा सगळा प्रकार मी पहिल्यांदा पाहिला तो मोबाईलवर. आमच्या शिक्षकांच्या गटावरही तो व्हिडिओ आला होता, खाली हात जोडल्याची चित्रं होती, आणि ती टाकणारे पदवीधर होते. त्यांच्याबद्दल मला आजही चांगलं बोलता येत नाही.

आधी काय झालं होतं ते सांगतो. गावात एक साखरपुडा होता. जेवणात ताक होतं. ताक घुसळलं आणि वाढलं कौसल्येने. कार्य कोणाचंही असो, ताकाचं काम तिच्याकडे असायचं. नवरा वारला तेव्हापासून ती भाजी विकून मुलीला शिकवत होती. जेवणं उरकेपर्यंत मुलं ओकायला लागली, कोणी चक्कर येऊन पडलं, आणि सगळ्यांना हादरवून टाकणारी गोष्ट म्हणजे मुलांचे ओठ आणि नखं निळी पडली. टेम्पोत घालून पोरं भिवंडीच्या दवाखान्यात आणली. डॉक्टरांनी रक्त काढलं तर ते चॉकलेटी रंगाचं. ते म्हणाले, "पोटात काहीतरी केमिकल गेलंय. रक्ताला प्राणवायू वाहता येत नाहीये." त्यांनी औषध दिलं, प्राणवायू लावला, मुलं वाचली. सगळ्यात जास्त ताक प्यायलेला बायजाबाईंचा नातू विशाल मात्र दवाखान्यातच होता.

डॉक्टरांचं वाक्य दवाखान्यातून निघून गावात पोहोचेपर्यंत त्याचं पार भजं झालं. 'रक्ताला प्राणवायू वाहता येत नाही' याचं 'रक्त काळं पडलं' झालं, आणि नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर 'रक्त कोणीतरी शोषलं'. कोणी शोषलं, हे सांगायला भूपेशने स्वतःच्या गाडीतून केसरीनाथ महाराजांना आणलं. भूपेशचा रस्त्यालगत गोदामाचा धंदा. गावाला त्याचं कौतुक, कारण तो गावासाठी कायम गाडी काढायचा आणि गोदामातले रिकामे निळे ड्रम पाणी भरायला घरोघरी द्यायचा.

महाराजांनी निकाल दिला. येत्या रविवारी भुताळणीचे केस कापायचे, गावाच्या वेशीबाहेर काढायचं, घराला कुलूप. तोवर तिला पाणी नाही, विस्तव नाही. बायजाबाई कौसल्येच्या दारात जाऊन थुंकल्या.

सोमवारी कौसल्येची मुलगी मनाली कॉलेजात आली. अकरावी सायन्सला होती. आली, कारण आईने ढकलून पाठवलं: "माजं काय व्हायचं ते होईल. तुजी शाला न्हाय बुडवायची." रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल होतं. शिकवायला धम्मदिना भालेराव. भिवंडीतल्याच टेमघरला राहणारी, आवाज न चढवणारी, पण उत्तर अर्धवट आलं तर पोराला खाली बसू न देणारी बाई.

चंबूत आम्ल, त्यात फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब, आणि वरच्या ब्युरेटमधून, म्हणजे खुणांच्या काचनळीतून, थेंब थेंब पडणारं आम्लारी. आम्ल आहे तोवर चंबूतलं पाणी नितळ, बिनरंगाचं. आम्ल संपून आम्लारीचा एक थेंब जास्त झाला की गुलाबी. मनालीच्या चंबूत तो थेंब पडला आणि ती किंचाळली.

"मॅडम, हाच! आईच्या हातावर हाच रंग होता!"

वर्ग हसला. भालेराव मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी वर्ग सोडला, मला बोलावलं आणि आम्ही तिघांनी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला.

"फिनॉल्फ्थॅलिन मुळात पांढरी भुकटी असते," मॅडम म्हणाल्या. "तळव्याला चोळली तर दिसतसुद्धा नाही. साध्या पाण्यात काही होत नाही. पण पाण्यात धुण्याचा सोडा घातला असेल तर? लाच घेणाऱ्याला पकडताना नोटांना हीच पावडर लावतात आणि मग त्याचे हात सोड्याच्या पाण्यात धुतात, तुम्ही पेपरात वाचलं असेल."

"पण मॅडम, हात सगळ्यांनीच बुडवले," मी म्हणालो. "एकटीचेच कसे रंगले?"

मनालीने मोबाईलच्या पडद्यावर बोट ठेवलं. "सर, झोळी बघा. बाकीच्यांना देताना त्याचा हात उजवीकडे जातो. आईची पाळी आली की डावीकडे."

"आणि तिला शेवटी का उभं केलं?" मॅडमनी विचारलं.

मनालीने रंगलेल्या परातीशी व्हिडिओ थांबवला. मग म्हणाली, "एकदा पाणी रंगलं की पुढचीचे हात बिनपावडरचेही गुलाबी दिसले असते."

"बरोबर. आता अजून एक बघ. हा माणूस पूर्ण व्हिडिओत काय करत नाही?"

मनालीने तो पुन्हा लावला. महाराज नाचतात, डोळे फिरवतात, भस्म देतात, शंख फुंकतात. "पाण्याला हात लावत नाही," ती हळूच म्हणाली.

पोलिसांत तक्रार आम्ही त्याच दिवशी दिली. एखाद्या बाईला भुताळीण ठरवून छळणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. फौजदार बाई म्हणाल्या, आत्ताच उचलतो. मॅडमनी विनंती केली, "उचला, पण रविवारी. आज उचललात तर तो गाडीत बसून हसेल, आणि गाव म्हणेल पोलिसांनी देवमाणसावर हात टाकला. कौसल्याताईंच्या कपाळावरचा डाग तसाच राहील. तोवर त्यांच्या दाराशी फक्त माणूस ठेवा." बाईंनी माणूस ठेवला.

आम्ही दवाखान्यातही गेलो. डॉक्टरांनी तपासणीचा निष्कर्ष सांगितला: सोडिअम नायट्राइट. कापड रंगवण्याच्या कामात वापरतात, दिसायला थेट मिठासारखं. "ताक कशात केलं होतं?" त्यांनी विचारलं. मनाली म्हणाली, "निळ्या ड्रममध्ये. भूपेशदादाने दिलेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळीच तो उचलून घेऊनही गेला."

रविवारी गर्दी दुपटीने होती. ओट्याखाली खुर्चीवर कौसल्येला बसवलं होतं. शेजारी न्हावी कात्री घेऊन उभा, त्याचा चेहरा तिच्यापेक्षा पडलेला. भूपेश माईक घेऊन सूत्रसंचालन करत होता, जणू गावात कबड्डीचे सामने होते.

भालेराव मॅडम पुढे झाल्या. "महाराज, केस कापण्याआधी साक्ष परत घ्या. सगळ्यांसमोर."

"कौन है तू?"

"मनालीची शिक्षिका."

"शिक्षिका!" महाराज गर्दीकडे वळून हसले. "पुस्तकातले किडे! यांच्या शाळेत देव शिकवतात का? नाही! म्हणून देव कळत नाही!"

लोक हसले. पण पुढे बसलेल्या बायजाबाई उठल्या. आठवडाभर दवाखान्याच्या बाकड्यावर झोपून त्यांचा चेहरा सुरकुतला होता. "घेऊ दे की परत साक्ष. माजा नातू हाय तो. मला माज्या डोल्यानी बगायचंय."

महाराजांना हरकत कसली? युक्ती आजवर कधी फसली नव्हती. नवी परात आली, बायका ओळीत उभ्या राहिल्या, कौसल्या शेवटी. झोळीतून चिमटी निघाल्या. उजवीकडून, उजवीकडून, उजवीकडून. आणि कौसल्येला डावीकडून. अंगठ्याने दाबून. महाराजांनी हात उपरण्याला पुसले.

"आता एकेकीने..."

"थांबा," मनाली म्हणाली. आवाज सगळ्यांना ऐकू गेला. "आधी तुम्ही हात घाला, महाराज."

"काय?"

"भस्म तुमच्याही बोटांना लागलंय. तुम्ही लेकरांचं रक्त शोषलं नसेल तर तुम्हाला भीती कसली?"

"मूर्ख पोरी! सिद्धाचा हात साक्षीजलात पडला तर जल उकळेल! गाव भस्म होईल!"

"होऊ दे भस्म," बायजाबाई म्हणाल्या. "समद्या बायांनी हात घातला तवा गाव न्हाय जळला. तुमचा हात काय इस्तवाचा हाय?"

महाराज मागे सरले. बायजाबाईंनी पुढे होऊन परातीतून लोटा भरला आणि कोणाला कळायच्या आत त्यांच्या हातावर ओतला. अंगठा रंगला. बोटांची पेरं रंगली. उपरण्याने पुसलं होतं तिथे कापडावर गुलाबी फराटा उमटला.

पुढच्या रांगा उठून उभ्या राहिल्या. मला वाटलं, संपलं. पण मी महाराजांना ओळखलं नव्हतं. त्यांनी ते हात आकाशाकडे उंच केले आणि हंबरडा फोडला.

"पाप! या पापिणीचं पाप मी अंगावर घेतलं! गावासाठी घेतलं! बघा, बघा माझे हात!"

"केसरीनाथ महाराज की..." भूपेश माईकवर ओरडला, आणि मी लाजेने सांगतो, निम्म्या गावाने 'जय' म्हटलं. शिष्यांनी शंख फुंकले. एका बाईने महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं. कौसल्येने डोळे मिटून घेतले. न्हाव्याने कात्री उघडली.

लबाडीचं हे असंच असतं. तिला उलटं पाडलं तरी ती पायांवर उभी राहते, कारण तिचं म्हणणं कधी ठरलेलंच नसतं. हात पांढरा राहिला तर पुण्य, लाल झाला तर पाप, आणि स्वतःचा लाल झाला तर त्याग.

मनाली ओट्यावर चढली. तिने झोळीकडे बोट केलं. "आजी, यात दोन पुरचुंड्या आहेत. उजवी सगळ्यांची. डावी माझ्या आईची. तुम्ही दोन्हींतलं हातावर घ्या."

शिष्य झोळी उचलायला झेपावला. गर्दीतून साध्या साडीतली एक बाई उठली आणि तिने त्याचं मनगट धरलं. "राहू दे तिथेच," फौजदार बाई म्हणाल्या. "आम्हालाही बघायचंय."

बायजाबाईंनी उजव्या पुरचुंडीतली चिमूट एका तळव्यावर घेतली, डाव्या पुरचुंडीतली दुसऱ्या. मॅडमनी पिशवीतून बाटली काढली. "हे गंगाजल नाही. अंबाडीच्या दुकानातून घेतलेला धुण्याचा सोडा आहे आणि नळाचं पाणी." त्यांनी दोन्ही तळव्यांवर सारखीच धार धरली.

उजव्या पुरचुंडीचा तळवा तसाच राहिला, थोडा चिकट, पिठाळ. दुसरा गुलाबी झाला, कौसल्येच्या हातांसारखाच.

बायजाबाई त्या हाताकडे बघत राहिल्या. मग महाराजांपुढे जाऊन तो त्यांच्या नाकासमोर धरला.

"मंग सांग आता. मी प्यायले का विशालचं रगत? सांग ना! मी भुताळीण हाय?"

महाराजांचं तोंड उघडं पडलं, पण या वेळी त्यातून काही निघालं नाही. जी आजी आठवडाभर नातवाच्या उशाशी बसली होती तिला भुताळीण म्हणायची हिंमत त्यांच्यातही नव्हती, आणि नाही म्हणावं तर कौसल्याही सुटत होती. भूपेशने माईक खाली ठेवला.

मनालीने लोकांकडे तोंड केलं. वर्गात उत्तर सांगताना अडखळणारी ही पोरगी त्या दिवशी एकदाही अडखळली नाही.

"ही फिनॉल्फ्थॅलिन नावाची पावडर आहे. आमच्या कॉलेजात बाटलीत असते. सोडा, चुन्याची निवळी, साबण, असल्या आम्लारी वस्तू हिला लागल्या की गुलाबी होते. आंबट वस्तूत रंग जातो. ही पाप ओळखत नाही. माणूस ओळखत नाही. हिला एवढंच कळतं, पाणी सोड्याचं आहे की नाही." तिने एका ग्लासात मॅडमच्या बाटलीतलं पाणी घेतलं, डाव्या पुरचुंडीतली चिमूट टाकून ते गुलाबी केलं आणि सोबत आणलेलं लिंबू त्यात पिळलं. पाणी फसफसलं आणि पाहता पाहता स्वच्छ झालं. "कोणाला करून बघायचंय?"

आधी कोणी हललं नाही. मग न्हाव्याने कात्री खाली ठेवून हात पुढे केला. त्याचाही गुलाबी झाला. मग लूमवरची पोरं आली, मग ओळीतल्या बायका, एकमेकींना ढकलत. थोड्या वेळात निम्म्या गावाचे हात रंगले होते, आणि त्या हातांकडे बघून कोणालाच कोणाला काही म्हणता येईना.

"मग पोरं कशानं निळी पडली?" गर्दीतून कोणीतरी विचारलं. त्या आठवड्यात गावाने विचारलेला हा पहिला खरा प्रश्न.

मॅडमनी उत्तर दिलं. "ड्रममुळे. त्यात कापड रंगवायचं रसायन होतं. मिठासारखं दिसणारं, तळाला चिकटलेलं. डॉक्टरांनी रक्तात तेच पाहिलं. ड्रम न धुता गावाला कोणी दिला, आणि दुसऱ्या दिवशी घाईने उचलून कोणी नेला, हे तुम्हाला माहीत आहे."

सगळी डोकी भूपेशकडे वळली. "मला काय म्हाईत आत काय होतं!" तो म्हणाला. पण महाराजांना कशासाठी आणलं होतं, हे त्यालाही माहीत होतं आणि आता गावालाही. फौजदार बाईंनी दोघांना एकाच गाडीत बसवलं. ड्रम गोदामाच्या मागे सापडला.

विशाल पुढच्या आठवड्यात घरी आला. बायजाबाई आधी कौसल्येकडे गेल्या, दारात उभ्या राहून रडल्या. कौसल्येने त्यांना आत घेतलं, पाणी दिलं. पण गावकीने समाजमंदिरात तिचा सत्कार ठेवला तेव्हा ती गेली नाही. शाल घेऊन आलेल्यांना ती उंबऱ्यातून म्हणाली:

"माज्या हाताला रंग लागला तवा तुमी इचारलं न्हाय, कसा लागला. आता मला शाल नको. ज्याच्या त्याच्या घरात भूपेशचे निळे ड्रम हायेत, त्यात पोरांचं पाणी भरताय. ते आधी बाहेर काढा."

शाल परत गेली. ड्रम बाहेर आले.

महाराजांचा जामीन झाला असं ऐकतो. दाढीची मेंदी बदलून, नाव बदलून ते दुसऱ्या गावात कोणाचे तरी तळवे चोळत असतील. त्यांना थांबवायला प्रत्येक गावात रसायनशास्त्राची बाई जाणार नाही आणि फौजदारही जाणार नाही. त्याची गरजही नाही. जे मनालीने केलं त्याला पदवी लागत नाही. नीट बघावं लागतं आणि विचारावं लागतं: हे सगळ्यांच्या बाबतीत होतं का? मी करून बघितलं तर होतं का? आणि हे दाखवणारा स्वतः कशाला हात लावत नाही?

तेव्हा पुढच्या वेळी कोणी महाराज तुमच्या बाईमाणसाला हात पुढे करायला सांगेल, त्या वेळी जयजयकार नंतर करा. आधी त्याचा हात पाण्यात घालायला लावा.